झोपेची गोळी शरीरात नेमकं काय करते? सकाळी डोकं जड का राहतं?

मेंदूत गाबा नावाचं रसायन पेशींना शांत करतं. ते आपल्या ग्राहीवर (पेशीच्या पृष्ठभागावरच्या, ठरावीक रसायन पकडणाऱ्या प्रथिनावर) बसलं की क्लोराइड आयन (ऋण विद्युतभाराचे कण) पेशीत शिरतात आणि पेशी सहजासहजी उत्तेजित होत नाही. झोल्पिडेम, अल्प्राझोलाम, क्लोनाझेपाम या गोळ्या त्याच ग्राहीवर, पण वेगळ्या जागी बसतात आणि गाबाचा परिणाम वाढवतात.

जडपणाचं कारण बहुतेकदा गोळी शरीरात किती वेळ टिकते यात असतं. झोल्पिडेमचं रक्तातलं प्रमाण साधारण अडीच तासांत निम्मं होतं, अल्प्राझोलामचं अकराएक तासांत, तर क्लोनाझेपामला ३० ते ४० तास लागतात. म्हणजे क्लोनाझेपाम रोज घेतली तर कालची गोळी संपायच्या आत आजची त्यात मिसळते. वृद्धांमध्ये यातूनच तोल जातो, रात्री बाथरूमला उठताना पडून खुबा मोडतो. स्त्रियांच्या शरीरातून झोल्पिडेम सावकाश बाहेर पडतं, म्हणून अमेरिकेच्या औषध नियामकाने २०१३ मध्ये त्यांच्यासाठी साध्या गोळीचा सुरुवातीचा डोस १० वरून ५ मिलिग्रॅमवर आणला.

झोल्पिडेम भरल्या पोटी घेतलं तर परिणाम उशिरा होतो. मग ‘लागू पडली नाही’ म्हणून लोक दुसरी गोळी घेतात. हे कृपा करून टाळा. गोळी घेतल्यावर थेट अंथरुणात जा, हातात सात-आठ तास हवेतच. दारूबरोबर तर कधीच नको, श्वास मंदावून जीव जाऊ शकतो.

महिनोन्‌महिने घेत असाल तर एकदम बंद करू नका. ग्राही त्या औषधाला सरावलेले असतात. अचानक थांबवल्यास झोप आणखी उडते, हात थरथरतात, कधी फिटचे झटकेही येतात. डॉक्टरांकडून डोस टप्प्याटप्प्याने कमी करून घ्या.