मेनफ्रेमशी नवे सर्व्हर जोडताना: प्रॉडक्ट नंतर, आधी कॉपीबुक (कोबोल रेकॉर्डमधल्या फील्डचा आराखडा) बघा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा की मेनफ्रेमवर (आयबीएमच्या मोठ्या मध्यवर्ती कॉम्प्युटरवर) सीआयसीएसमध्ये, म्हणजे व्यवहार चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, जुने कोबोल भाषेतले प्रोग्राम चालू आहेत, बाहेर लिनक्सवर जावाचे नवे सर्व्हर आलेत, आणि मधे काय टाकायचं, एमक्यू (मेसेजची रांग), ट्रान्झॅक्शन गेटवे (बाहेरून सीआयसीएसचा प्रोग्राम थेट कॉल करणारा), झेड/ओएस कनेक्ट (मेनफ्रेमचे प्रोग्राम वेब एपीआय म्हणून देणारं) की सरळ स्क्रीन स्क्रॅपिंग (प्रोग्रामने माणसासारखी स्क्रीन वाचून त्यात टाइप करणं). यातलं जवळपास सगळं मी कुठे ना कुठे वापरलंय म्हणून सांगतो, जोडणी कुठल्याही प्रॉडक्टने होतेच, त्यात दोन-चार दिवस जातात. महिने जातात ते डेटाच्या आकारात आणि "कॉल गेला पण उत्तर आलं नाही, आता काय" या प्रश्नात.

डेटाचं आधी. अक्षरांचे कोड तिकडे इबसिडिक आणि इकडे आस्की किंवा युनिकोड हे सगळ्यांना माहीत असतं. कन्व्हर्जन राहून गेलं तर ते लगेच दिसतं पण, कारण इबसिडिकमधली स्पेस म्हणजे हेक्स ४० आणि आस्कीत ४० म्हणजे ॲट चिन्ह, त्यामुळे नावापुढे ॲटची रांग लागली की समजायचं कन्व्हर्जन झालेलंच नाहीये. खरा त्रास उलटा आहे, जिथे करायला नको तिथे कन्व्हर्जन होतं.

आमच्या एका प्रोजेक्टमधे एमक्यूच्या मेसेजचा फॉरमॅट कोणीतरी स्ट्रिंग म्हणून टाकला होता आणि मेसेज घेताना कन्व्हर्टचा ऑप्शन चालू, म्हणजे अख्खा रेकॉर्ड टेक्स्ट समजून बदलला जायचा. रेकॉर्डमधे रक्कम मात्र कॉम्प-थ्री, म्हणजे पॅक्ड डेसिमल, एका बाइटमधे दोन आकडे आणि शेवटच्या अर्ध्या बाइटमधे चिन्ह, सी म्हणजे प्लस, डी म्हणजे मायनस. आता १४०५ ही रक्कम घ्या, तीन बाइट होतात ०१, ४०, ५सी. कन्व्हर्जनला वाटलं ४० ही स्पेस आहे, त्याचं केलं २०. ५सी म्हणजे इबसिडिकमधली चांदणी, तिचं केलं २ए. झालं ०१, २०, २ए. आणि गंमत बघा, पॅक्डमधे ए हे पण प्लसचंच चिन्ह धरतात, त्यामुळे एरर नाही, वॉर्निंग नाही, रक्कम निमूटपणे १२०२! ३ ने संपणाऱ्या आणि अशा काही रकमा मात्र फुटायच्या, कारण उदाहरणार्थ ३सी चं १४ होतं आणि ४ हे चिन्हच नाही, पण त्या आम्ही "खराब रेकॉर्ड" म्हणून बाजूला ठेवत बसलो होतो. दोन्हीकडच्या बेरजा जुळेनात तेव्हा कुठे हेक्स डंप (प्रत्यक्ष बाइटची यादी) काढला. तेव्हापासून माझा नियम, फॉरमॅट कोराच ठेवायचा, बाइट जसेच्या तसे आणायचे आणि कॉपीबुक बघून फील्डनिहाय कन्व्हर्ट करायचं, ते झेड/ओएस कनेक्ट करो नाहीतर तुमचा कोड. कोड पेजही (इबसिडिकचा नेमका कोणता प्रकार ते) लेखी विचारून घ्या, ०३७ आणि ५०० मधे अक्षरं नि आकडे सारखेच असतात, फरक चौकटी कंस आणि उद्गारचिन्ह असल्या ठिकाणी, म्हणून टेस्टिंगमधे कधीच सापडत नाही.

आता उत्तर न येणं. गेटवेने कॉल केला, तुमच्याकडे टाइमआउट झाला, पण तिकडे प्रोग्राम पूर्ण होऊन कमिट झाला, म्हणजे बदल कायमचे पक्के झाले, असतील तर? जावावाला भाबडेपणाने रिट्राय लावतो आणि तीच नोंद दोनदा पडते. यावर कुठल्याही प्रॉडक्टमधे जादू नाही. प्रत्येक रिक्वेस्टला युनिक नंबर द्या आणि कोबोल प्रोग्रामने तो नंबर त्याच युनिट ऑफ वर्कमधे (एकाच कमिटने पक्क्या होणाऱ्या कामात) टेबलात लिहावा, परत आला तर काम न करता जुनं उत्तर द्यावं. मेनफ्रेमवाले म्हणतील प्रोग्रामला हात लावणार नाही, तर पुढे मूळ प्रोग्रामला कॉल करणारा एक छोटा रॅपर प्रोग्राम बसवा, पण कमिट एकच राहील एवढं बघा, मूळ प्रोग्राम मधेच स्वतःचा सिंकपॉइंट घेत (म्हणजे स्वतःच कमिट करत) असेल तर सगळं मुसळ केरात. एमक्यूत अजून एक, रिक्वेस्टला एक्स्पायरी (मुदत) लावा नाहीतर रात्री अडकलेला मेसेज सकाळी प्रोसेस होतो, आणि ती सेकंदाच्या दहाव्या भागात असते हां, ३० लिहिलंत तर ३ सेकंदच मिळतील.

मग निवड तशी सोपी होते. माणूस स्क्रीनसमोर उत्तराची वाट बघतोय तर गेटवे किंवा झेड/ओएस कनेक्ट, त्यातही नवीन टीमला रेस्ट आणि जेसनच (वेबवरचे नेहमीचे कॉल आणि त्यांचा डेटा फॉरमॅट) कळत असेल तर दुसरं. झेड/ओएस कनेक्ट जावात असल्यामुळे त्याचं बरंचसं काम झिप (zIIP) प्रोसेसरवर, म्हणजे ज्याचा वापर लायसन्सच्या बिलात धरत नाहीत अशा वेगळ्या प्रोसेसरवर, जाऊ शकतं, आणि जुन्या पद्धतीच्या लायसन्सात महिन्यातल्या सगळ्यात जड ४ तासांच्या सरासरीवर बिल येतं, म्हणून हे बोलणं आधीच करून घ्या. (दर सेकंदाला "स्टेटस काय" विचारणारा सर्व्हर मी पाहिलाय, बिल बघून लोक हादरले होते.) नोंद पोचली म्हणजे झालं, उत्तर थोड्या वेळाने चालेल, तर एमक्यू, पर्सिस्टंट (सिस्टिम बंद पडली तरी टिकणाऱ्या) मेसेजसकट. सगळं विंडोज आणि डॉटनेट असेल तर मायक्रोसॉफ्टचं होस्ट इंटिग्रेशन सर्व्हर आहे, तुमच्याकडे जावा म्हणून ते सोडून देतो.

स्क्रीन स्क्रॅपिंगला लोक उगाच नाकं मुरडतात. ३२७० ची, म्हणजे मेनफ्रेमच्या टर्मिनलची, स्क्रीन सहसा २४ ओळी ८० कॉलमची, कोणी एक ओळ वाढवली की तुमचं मोडणार हे खरंच आहे, पण प्रोग्राममधे स्क्रीनचं आणि हिशोबाचं लॉजिक एकत्र कालवलेलं असेल आणि ते सोडवायला माणूसच उरला नसेल तर तोच एक रस्ता राहतो. स्क्रीनचं शीर्षक तपासल्याशिवाय पुढे टाइप करायचं नाही एवढं मात्र पाळा.

शेवटचं, रेकॉर्डची लांबी मोजून घ्या. कॉमएरियाला (सीआयसीएस प्रोग्रामशी डेटा देण्याघेण्याच्या जागेला) ३२ केबीची मर्यादा आहे, त्यापुढे चॅनेल आणि कंटेनर (मोठ्या डेटासाठी सीआयसीएसचीच दुसरी सोय) वापरावे लागतात आणि त्यासाठी प्रोग्राम बदलावाच लागतो. फील्डची नावं बदलून कॉपीबुक इथे टाकलंत तर ऑकर्स डिपेंडिंग ऑन (कमी-जास्त लांबीची यादी) आणि रीडिफाइन्स (त्याच बाइटची दुसरी मांडणी) कुठे अडवतील ते बघून सांगतो.