झीझी प्लांटला आठवड्यातून दोनदा पाणी घालते, तरी पानं पिवळी पडतायत. पाणी कमी पडतंय का?

नाही, जास्त होतंय. आजपासून पाणी बंद करा, बाकीचं उत्तर सावकाश वाचलंत तरी चालेल.

तुम्ही लिहिलंय की कुंडी हॉलच्या आतल्या कोपऱ्यात आहे, दर बुधवारी आणि रविवारी अर्धा पेला पाणी घालता, आणि आता काड्या बुडाशी मऊ पडून कलायला लागल्यात. हा शेवटचा मुद्दा महत्त्वाचा. पाणी कमी पडलेल्या झीझीच्या काड्या सुरकुततात, पानं निस्तेज होऊन गळतात, पण बूड टणक राहतं. बूड पिचपिचीत लागलं तर खाली कुज सुरू झाली आहे. (सगळ्यात जुनी एखादी काडी पिवळी पडून गेली, बाकी झाड ठणठणीत आहे, तर मात्र दुर्लक्ष करा. ते वयाने होतं.)

हे झाड पूर्व आफ्रिकेतलं. केनिया-टांझानियापासून खाली दक्षिण आफ्रिकेपर्यंत सापडतं. तिथल्या कोरड्या महिन्यांची तजवीज ते मातीखाली करून ठेवतं: जाड, बटाट्याएवढे कंद, पाण्याने भरलेले. वरच्या फुगीर देठांतही पाणीच असतं. फारच ताण पडला तर पानं गाळून टाकतं आणि कंदावर तग धरतं. कुळ मात्र अळू-सुरणाचं आहे. अळू सांडपाण्याच्या कडेला फोफावतो, म्हणून याला पाणी आवडत असेल असं समजू नका.

अर्धा-अर्धा पेला घालण्याची पद्धत मला सगळ्यात घातक वाटते, कारण ती काळजी घेतल्यासारखी दिसते. थोडंसं पाणी घातलं की माती ना पुरती भिजते, ना पुरती सुकते. मुळांना पाण्याइतकीच हवाही लागते, आणि मातीला वाफसा येण्याआधीच पुढचा अर्धा पेला पडतो. त्यापेक्षा एकदाच, खालच्या भोकातून पाणी वाहीपर्यंत घाला. बशीत साचलेलं पाणी अर्ध्या तासात ओतून टाका. मग माती तळापर्यंत कोरडी होईस्तोवर कुंडीकडे फिरकू नका.

तळापर्यंत कोरडी झाली हे कसं कळायचं? बोट दोन इंच खुपसून बघा असं सगळे सांगतात. तुळशीला ते ठीक आहे, झीझीला नाही. वरचे दोन इंच सुकले तरी खाली, कंदांपाशी, चिखल असू शकतो. बांबूची लांब काडी कुंडीच्या कडेने तळापर्यंत घाला, दहा मिनिटांनी काढा. काडीला ओल किंवा माती चिकटली असेल तर थांबा. प्लास्टिकची कुंडी असेल तर नुसती उचलून बघा. भिजलेल्या आणि सुकलेल्या कुंडीच्या वजनात एवढा फरक असतो की दोन-तीनदा उचलल्यावर काडीची गरजही उरत नाही. कुंडीभोवती बारीक चिलटं उडत असतील तर माती ओली आहे, दुसरं काही तपासायला नको.

तुम्हाला तरीही दिवसांचा अंदाज हवा असेल. खिडकीजवळ, भरपूर उजेडात ठेवलेल्या मध्यम कुंडीला आपल्याकडच्या उन्हाळ्यात साधारण 2 ते 3 आठवड्यांनी पाणी लागतं. पावसाळ्यात, विशेषतः मुंबई-कोकणच्या दमट हवेत, महिना किंवा जास्तही निघतो. अंधाऱ्या कोपऱ्यात हे अंतर आणखी वाढतं, कारण उजेड कमी तर वाढ कमी, आणि वाढ कमी तर पाण्याचा वापर कमी. तुमची कुंडी शक्य असेल तर खिडकीपासून तीन-चार फुटांवर आणा. थेट दुपारचं ऊन मात्र नको, पानं भाजतात. आणि गणपतीला गावी जाताना शेजारच्या काकूंना झाडांसाठी किल्ली देत असाल, तर या एका कुंडीपुरतं त्यांना बजावून जा.

आता सध्याच्या झाडाचं. कुंडीतून काढा, माती झटका. कंद दाबून बघा. टणक ते ठेवा. मऊ, काळपट, वास येणारे धारदार सुरीने कापून फेका. हातमोजे घाला, कारण अळू-सुरणासारखीच याच्या रसानेही खाज सुटते. (लहान मूल किंवा मांजर घरात असेल तर कुंडी त्यांच्या तोंडाच्या टप्प्यात नको.) ठेवलेल्या कंदांच्या कापलेल्या जागा सावलीत दोन दिवस सुकू द्या.

नर्सरीतून रोप बऱ्याचदा चिकट लाल मातीत येतं, ती परत भरू नका. माती एक भाग, कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) एक भाग, आणि जाडी वाळू, विटांचे बारीक तुकडे किंवा परलाइट (नर्सरीत मिळणारे हलके पांढरे दाणे) यांतलं जे मिळेल ते एक ते दोन भाग. कुंडी कंदांपेक्षा इंच-दीड इंच मोठी पुरे. मोठ्या कुंडीतली जादा माती सुकता सुकत नाही. तळाला भोक हवंच. शोभेची सिरॅमिक कुंडी बिनभोकाची असेल तर रोप आत साध्या कुंडीत ठेवा आणि पाणी घालताना बाहेर काढा. तळाशी खडे टाकून भोकाची भरपाई होत नाही.

लावल्यावर आठवडाभर पाणी नको, नंतर एकदा भरपूर. कोकोपीट अगदी खडखडीत वाळलं तर पाणी धरत नाही, कडेने निथळून जातं आणि आपल्याला वाटतं कुंडी भिजली. तसं झालं तर कुंडी वीस मिनिटं बादलीभर पाण्यात बसवा, मग निथळू द्या. नळाचं पाणी चालतं. आरओ मशीनचं टाकाऊ पाणी लोक हौसेने कुंड्यांना घालतात, त्यात क्षार जास्त असतात. त्याने लादी पुसा.

गळलेली हिरवी पानं टाकू नका. देठाकडचं टोक जेमतेम ओल्या मिश्रणात खोचून ठेवलं की एकेका पानाला खाली छोटा कंद धरतो. त्याला काही महिने लागतात, कोंब वर यायला कधी वर्षही. मधे उपटून बघू नका.