पोट सुटलेला पोहणारा

प्रश्न : एका पोट सुटलेल्या गृहस्थाने अख्खी ॲमेझॉन पोहून काढली म्हणे. ही थाप की खरं?

उत्तर : खरं आहे. स्लोव्हेनियाचे मार्टिन स्ट्रेल. २००७ साली, वयाच्या बावन्नाव्या वर्षी, पेरूपासून ब्राझीलमधल्या बेलेंपर्यंत ५,२६८ किलोमीटर. ६६ दिवस लागले. त्याआधी डॅन्यूब, मिसिसिपी, यांगत्से या नद्या पोहून झाल्या होत्या. गडी वाइनचा शौकीन, आणि ते लपवायचाही नाही! फोटो पाहिला तेव्हा मला वाटलं, हे तर लग्नाच्या पंगतीत आग्रह करणारे काका.

पण पोटाला हसू नका. थंड पाण्यात तासन्‌तास राहायचं तर अंगावरची चरबी ऊब धरते, तरंगायलाही मदत करते. मी बारीक अंगाचा. अर्ध्या तासात माझे ओठ निळे पडतात, दात वाजतात. शिवाय स्ट्रेलच्या सोबतीला नदीचा प्रवाह होताच.

पिरान्हा या चावऱ्या, मांसाहारी माशांचं म्हणाल, तर त्यांना दुसरीकडे भुलवायला, पाण्यात ओतण्यासाठी सोबतच्या होडीत रक्त तयार ठेवलं होतं. छळलं मात्र उन्हाने. चेहरा इतका भाजला, की डोळ्यांपुरती भोकं ठेवलेला मुखवटा घालून पोहावं लागलं.