तुमचे प्रश्न: गाणी झाली की कागद काढायचे

मागच्या अंकात शिवाजी पार्कच्या बंगाली दुर्गापूजेवर लिहिलं होतं. त्यावर पत्रं आली, आणि त्यातली बरीचशी पूजेबद्दल नाहीतच, बांगलादेशी लोकांबद्दल आहेत, बाहेरच्या देशांत त्यांची जी सांस्कृतिक केंद्रं चालतात त्यांच्याबद्दल. हा विषय माझ्या फार जवळचा आहे, त्यामुळे या वेळी सगळी जागा त्यालाच दिलीय.

प्रश्न: माझी मुलगी लंडनला मास्टर्स करतेय, माइल एंडला राहते. शेजारच्या बांगलादेशी काकू तिला त्यांच्या कम्युनिटी सेंटरला घेऊन जातात, तिथे ती रविवारी लहान मुलांना गणित शिकवते. आमच्या ह्यांना काळजी लागलीय की हे नेमकं काय प्रकरण आहे, राजकारण वगैरे नाही ना?
– एक आई, मुलुंड

उत्तर: ताई, काळजी समजते, पण मुलगी चांगल्या ठिकाणी जातेय असंच मी म्हणेन. माइल एंड येतं पूर्व लंडनच्या टॉवर हॅम्लेट्स भागात. २०२१ च्या जनगणनेत तिथली एक तृतीयांशाहून जास्त वस्ती बांगलादेशी निघाली, आणि त्यातली बहुतेक घरं मूळची सिल्हेटकडची, म्हणजे बांगलादेशच्या ईशान्य भागातली. हे लोक तिथे पोचले कसे ते ऐका. ब्रिटिशांच्या काळात सिल्हेटची पोरं कलकत्त्याला जाऊन बोटीवर लागायची, खाली इंजिनरूममध्ये भट्टीत कोळसा मारायची, आणि लंडनच्या गोदीत बोट लागली की काहीजण उतरायचे ते परत चढायचेच नाहीत. खिशात पैसे नाहीत, इंग्रजी येत नाही, वर ती थंडी. अशा वेळी गाठायचा पत्ता म्हणजे १३, सँडीज रो. तिथे आयुब अली मास्टर म्हणून त्यांच्याच मुलखातले गृहस्थ राहायचे, ते जेवायला घालायचे, झोपायला जागा द्यायचे, पोलिसात नाव नोंदवायला मदत करायचे, घरी पत्र लिहून द्यायचे आणि पैसे पाठवायची सोयही बघायचे. १९४३ साली त्यांनी आणि शाह अब्दुल मजीद कुरेशी यांनी मिळून खलाशांसाठी रीतसर संघटना काढली, इंडियन सीमेन्स वेल्फेअर लीग. तुमची मुलगी जिथे जाते त्या सेंटरचं मूळ मला तरी या घरात दिसतं.

राजकारणाचं म्हणाल तर त्या भागाने फार वाईट दिवस बघितलेत. ४ मे १९७८ ला अल्ताब अली नावाचा कपड्याच्या कारखान्यात काम करणारा तरुण कामावरून घरी निघाला होता, त्याला व्हाइटचॅपलला रस्त्यात भोसकून मारलं, कारण काय तर तो गोरा नव्हता. दहा दिवसांनी सुमारे ७,००० माणसं त्याच्या शवपेटीमागून पंतप्रधानांच्या घरापर्यंत चालत गेली. तिथल्या बागेला आता त्याचं नाव आहे. त्यानंतरच्या वर्षांत तिथल्या बांगलादेशी पोरांनी संघटना बांधल्या, आणि १९८२ मध्ये हॅनबरी स्ट्रीटवर बंगाली कवी काझी नझरुल इस्लाम यांच्या नावाने कोबी नझरुल सेंटर उभं राहिलं. आता याला कुणी राजकारण म्हणत असेल तर म्हणो बापडे, मी म्हणणार नाही.

दोन गोष्टी मात्र तिला जरूर विचारा. संस्था चॅरिटी म्हणून नोंदलेली आहे का, तिथल्या चॅरिटी कमिशनच्या साइटवर कुणालाही नाव टाकून बघता येतं. आणि लहान मुलांना शिकवते तर तिची डीबीएस तपासणी झालीय का. म्हणजे आधी काही गुन्ह्याची नोंद नाही ना, हे तिकडे बघतात. चांगली संस्था हे स्वतःहून मागते. नसेल मागितलं तर तिनेच विचारावं.

प्रश्न: पोटापाण्यासाठी परदेशात गेलेल्या माणसाला नाच-गाण्याचं सेंटर कशाला लागतं? वकील द्या, डॉक्टर द्या, ते जास्त उपयोगाचं नाही का?
– एक वाचक, लालबाग

उत्तर: लालबागहून हा प्रश्न यावा याचं मला नवल वाटलं. तुमच्या आजूबाजूच्या चाळींत गावकीच्या खोल्या होत्या, काही अजून आहेत. गिरणीत लागलेला गडी गावच्या खोलीवर ट्रंक टाकायचा, पाळी बघून झोपायचा, आणि त्याच खोलीत भजन व्हायचं, नमनाची तालीम व्हायची, भिशी निघायची आणि गावच्या शाळेवर पत्रे कुणी घालायचे तेही ठरायचं. भजनाला म्हणून आलेला माणूस भजन संपल्यावर, सगळे चहा घेत असताना हळूच सांगायचा की दोन महिने झाले पगारातून पैसे कापतायत. मग कुणीतरी वाचता येणारा त्याचा कागद हातात घ्यायचा. नुसती ‘तक्रार नोंदवा’ अशी पाटी लावून कुणी बसला असता तर हा माणूस त्या दारात गेलाच नसता, कारण तक्रार करायची म्हणजे आपण अडचणीत आहोत हे चारचौघांत कबूल करायचं, आणि घरापासून लांब एकटा राहणारा माणूस ते सहसा करत नाही.

सिंगापूरचं बघा. तिथे बांधकामावर आणि शिपयार्डमध्ये खूप बांगलादेशी माणसं आहेत, वर्क परमिटवर. या परमिटवर बायका-मुलांना आणता येत नाही, परमिट बांधलेलं मालकाशी, आणि यायला एजंटला पैसे द्यायचे म्हणून काढलेलं कर्ज फेडण्यातच अनेकांची सुरुवातीची वर्षं जातात. राहायचं शहराच्या कडेला मोठाल्या डॉर्मिटऱ्यांमध्ये. रविवारी सुट्टी, त्या दिवशी सगळे लिटल इंडियात येतात, सामान घ्यायचं, घरी पैसे पाठवायचे आणि मग कुठे बसायचं? फुटपाथवर नाहीतर गवतावर. तिथे ‘बांग्लार कंठ’ नावाचं बांगला वर्तमानपत्र चालवणारे ए. के. एम. मोहसिन यांनी २०११ मध्ये रॉवेल रोडला एक जागा सुरू केली, दिबाश्रम. माणसं यायची, गाणी म्हणायची, नाटकाची तालीम करायची, लिहिलेलं एकमेकांना वाचून दाखवायची. ज्याचा साइटवर हात दुखावलाय, ज्याचा पगार अडकलाय, तोही तिथेच येऊन बसायचा आणि त्याला पुढे कुठे जायचं ते कळायचं.

२०१४ साली तिथल्या कामगारांसाठी कवितेची स्पर्धा सुरू झाली, पहिल्या वर्षी आणि दुसऱ्या वर्षीही झाकिर हुसेन खोकन यांचा पहिला नंबर आला, हे तेव्हा बांधकामावर काम करणारे. आठवडाभर ज्यांना हेल्मेट आणि नंबरावरून ओळखतात त्यांना लोकांनी नावाने ओळखलं, आणि माझ्या मते तुमच्या प्रश्नाचं उत्तर यातच आहे. वकील आणि डॉक्टर हवेतच, त्याबद्दल वादच नाही, पण त्यांच्यापर्यंत माणूस पोचवायला आधी त्याला बसायला आपली म्हणावी अशी जागा लागते, गाणी झाली की कागद काढता येतात.

प्रश्न: सिडनीच्या भाचीने फोटो पाठवलाय, ॲशफील्ड पार्कमध्ये मातृभाषेचं स्मारक आहे आणि २१ फेब्रुवारीला बांगलादेशी लोक तिथे फुलं वाहतात. प्रत्येक ठिकाणी हे लोक असं स्मारक का करतात? मला शाळेत मुलांना सांगायचंय.
– एक शिक्षिका, दादर

उत्तर: बाई, जरूर सांगा. तेव्हा बांगलादेश म्हणजे पूर्व पाकिस्तान होता आणि सरकारचं म्हणणं होतं की देशाची राजभाषा एकटी उर्दूच राहणार. बांगलासाठी ढाक्याचे विद्यार्थी रस्त्यावर आले, २१ फेब्रुवारी १९५२ ला पोलिसांनी गोळ्या घातल्या. रफिक, सलाम, बरकत, जब्बार ही नावं तिकडे लहान मुलांनाही पाठ असतात. १९५६ च्या राज्यघटनेत शेवटी बांगलाला उर्दूच्या बरोबरीने जागा मिळाली. त्यांच्या आठवणीसाठी उभारलेला ढाक्याचा शहीद मिनार म्हणजे मधे मान झुकवलेली आई, दोन्ही बाजूंना तिची मुलं, मागे लाल गोल. २१ तारखेला पहाटे अनवाणी प्रभातफेरी निघते आणि लोक तिथे फुलं वाहतात.

आता जो माणूस इंग्लंडमधल्या ओल्डहॅमला किंवा टोकियोला राहतो त्याने अनवाणी चालत कुठे जायचं? म्हणून मग तिथेच मिनार. ओल्डहॅमला १९९७ मध्ये झाला, लंडनला अल्ताब अलीच्या बागेत १९९९ मध्ये, टोकियोत इकेबुकुरोच्या एका बागेत २००५ मध्ये, आणि भाचीने पाठवलेलं सिडनीचं स्मारक २००६ चं. कुठल्याही बांगलादेशी मंडळाला विचारा, वर्षातला सगळ्यात महत्त्वाचा कार्यक्रम कुठला, बहुतेक जण २१ फेब्रुवारीच सांगतील. नवीन वर्षाचा बैशाखी मेळा मोठा असतो, गर्दी त्याला जास्त, खाणंपिणं त्यात, पण पहाटे उठून जायचं ते इथे.

मुलांना आणखी एक सांगा, त्यांना नक्की आवडेल. हा दिवस साऱ्या जगाने पाळावा असं पत्र १९९८ मध्ये संयुक्त राष्ट्रांचे सरचिटणीस कोफी अन्नान यांना गेलं ते कॅनडातल्या व्हँकुव्हरहून, तिथे स्थायिक झालेल्या दोन बांगलादेशी माणसांकडून, आणि त्यांची नावं रफिकुल इस्लाम आणि अब्दुस सलाम. म्हणजे पुन्हा एक रफिक आणि एक सलाम! १७ नोव्हेंबर १९९९ ला युनेस्कोने हा आंतरराष्ट्रीय मातृभाषा दिवस म्हणून जाहीर केला. आपला मराठी भाषा गौरव दिन २७ फेब्रुवारीला, म्हणजे सहाच दिवसांनी, शाळेने तो आठवडा सलग घेतला तर किती छान होईल, आणि मुलांना एक दिवस हुतात्मा चौकातही घेऊन जा.

प्रश्न: जावई जर्मनीत आहेत, तिथल्या मराठी लोकांचं छोटं मंडळ काढतायत. बांगलादेशी केंद्रांकडून काय घेण्यासारखं आहे?
– एक सासरे, ठाणे

उत्तर: जागा आणि वेळ ठरलेली ठेवा. लायब्ररीची एक खोली असली तरी चालेल पण महिन्याचा तोच शनिवार, तीच वेळ, कुणी येवो न येवो दार उघडं पाहिजे. आपली मंडळं गणपती, दिवाळी आणि संक्रांतीला जिवंत होतात आणि मधे कुणाचा कुणाला पत्ता नसतो. नोकरी गेली, बाळंतपणाला आई येऊ शकली नाही, घरमालक डिपॉझिट देत नाही, हे सगळं त्या मधल्या महिन्यांतच होतं. सरकारी जर्मन पत्र वाचून समजावणारा एकजण दर वेळी हजर हवा. तिकडे ई. व्ही. (e. V.), म्हणजे नोंदणीकृत मंडळ म्हणून संस्था नोंदवायची तर किमान ७ सभासद लागतात, तेवढे जमले की नोंदणी करून टाका आणि हिशेब सगळ्यांसमोर ठेवा, पैशावरून मंडळं फुटतात तशी दुसऱ्या कशावरून फुटत नाहीत. लंडनचं महाराष्ट्र मंडळ १९३२ पासून चालू आहे, त्यांच्याशीही एकदा बोलायला सांगा.

प्रश्न: आमची बिल्डिंग टाटा हॉस्पिटलच्या मागे आहे. आमच्या मजल्यावर बांगलादेशचं एक कुटुंब पेशंट घेऊन भाड्याने उतरलंय. भाषा कळत नाही, सोसायटीत कुरबुर सुरू झालीय. मुंबईत त्यांना मदत कुठे मिळेल आणि आम्ही काय करू शकतो?
– एक गृहिणी, परळ

उत्तर: तुम्ही विचारलंत हेच किती बरं वाटलं. आधी कुरबुरीचं बघू. परदेशी माणूस घरात उतरला की त्याची माहिती २४ तासांत ऑनलाइन द्यायची जबाबदारी घरमालकाची असते. ती दिलीय का हे मालकाला विचारा, पासपोर्ट आणि व्हिसाची प्रत सेक्रेटरीकडे ठेवा, आणि विषय तिथेच संपवा. बांगला बोलतो म्हणजे बेकायदा आलेला, असं कुणी म्हणत असेल तर त्याला स्पष्ट सांगा की पश्चिम बंगाल, आसाम आणि त्रिपुराचे पेशंटही टाटालाच येतात आणि त्यांतलेही कितीतरी जण हीच भाषा बोलतात.

पासपोर्ट हरवला, परत जायची कागदपत्रं अडली, तर मुंबईत बांगलादेशचं उप-उच्चायुक्त कार्यालय आहे, ते त्यांचंच काम. उपचार, राहण्याची सोय, पैशाची अडचण यासाठी हॉस्पिटलमध्येच मेडिकल सोशल सर्व्हिसचा विभाग आहे, तिथे त्यांना एकदा सोबत घेऊन जा, कारण प्लास्टिकच्या पिशवीत फाइल छातीशी धरून लोक चुकीच्या रांगेत तासन्‌तास उभे असतात आणि विचारायला घाबरतात, हे मी टाटाच्या दारात कितीदा बघितलंय. भाषेसाठी आसपासच्या लॉजवर कोलकात्याकडचं एखादं कुटुंब नक्की असेल, दोघांची गाठ घालून द्या, संध्याकाळी दोन घरच्या बायका एकत्र बसल्या तर तुमच्या मजल्यावरच एक छोटं केंद्र झालं समजा.

औषधांचं मात्र तुम्ही स्वतः बघा. बांगला आकड्यांतला चार हा इंग्रजी आठसारखा दिसतो आणि सात हा नऊसारखा, त्यामुळे चिठ्ठीवर लिहिलेल्या वेळा वाचताना घोटाळा होऊ शकतो. गोळ्यांच्या पाकिटावर सकाळसाठी सूर्य आणि रात्रीसाठी चंद्र काढा, जितक्या गोळ्या तितके टिंब द्या, आणि त्यांच्याकडून एकदा बोटांवर मोजून घ्या. केमो चालू असेल तर कुठल्या लक्षणाला लगेच धावायचं, ताप किती आला की इमर्जन्सीला न्यायचं, हे डॉक्टरांकडून बांगला येणाऱ्या माणसासमोर समजून घ्या आणि तो आकडा थर्मामीटरवरच पेनाने खूण करून ठेवा.