चंदेरी पानांचं झुडूप गच्चीवर लागेल का?

प्रश्न : सर, मे महिन्यात मुलीकडे एडिंबराला होते. तिथल्या एका बागेत दगडांच्या खाचेत वीत-दीड वीत उंचीचं, चंदेरी पानांचं गोलसर झुडूप पाहिलं. वर पिवळीधमक फुलं, पाटीवर नाव ‘युरिऑप्स अक्रियस’. पुढच्या खेपेला मुलगी त्याची काडी ओल्या रुमालात गुंडाळून आणते म्हणते. आमच्या गच्चीवर दिवसभर ऊन असतं. लागेल ना? – एक वाचक, कोथरूड, पुणे

उत्तर : ताई, काडी आणू नका. लागणार नाही, हे एक. आणि रोपं, काड्या, बिया परवान्याशिवाय नि रोगमुक्ततेच्या दाखल्याशिवाय देशात आणता येत नाहीत, हे दुसरं. 2003 चा वनस्पती संगरोध आदेश आहे त्यासाठी. रुमाल ओला असो की कोरडा!

आता लागणार का नाही, ते सांगतो. हे झुडूप मूळचं स्कॉटलंडचं नव्हेच. त्याचं माहेर दक्षिण आफ्रिकेतली ड्रॅकन्सबर्ग ही डोंगररांग आणि तिला लागून असलेला लेसोथो हा देश. तिथलं सर्वांत उंच शिखर 3,482 मीटर. आपलं कळसूबाई 1,646. गंमत म्हणजे तो डोंगरही आपल्या सह्याद्रीसारखाच, लाव्ह्याच्या थरांतून बनलेल्या काळ्या कातळाचा. फक्त वयानं बराच थोरला : तो सुमारे 18 कोटी वर्षांचा, आपला साडेसहा कोटींच्या आसपासचा. पाऊसही तिथे आपल्यासारखाच, थंडीत नव्हे तर वर्षाच्या उबदार महिन्यांत पडतो. त्यामुळे ‘कातळ तोच, पाऊसही तसाच, मग अडतं कुठे?’ असं तुम्ही विचाराल.

अडतं ते गारव्याला. तिथे हिवाळा कोरडा, कडाक्याचा, बर्फ पडणारा. आणि उन्हाळ्यातही रात्री गार. पुण्यात मे महिन्यात रात्रीही पारा 22-25 च्या खाली यायला तयार नसतो. मग जून-जुलैत कुंडीतली माती आठवडाच्या आठवडा ओली आणि वर उकाडा. मुळं कुजायला एवढं पुरे. एडिंबरातसुद्धा या झुडपाला थंडीपेक्षा हिवाळ्यातली ओल जास्त छळते, म्हणून तिथले माळी त्याला खडीत, उतारावर, पाणी क्षणभर थांबणार नाही अशा जागी लावतात. तुम्ही पाहिलेली ती दगडांची खाच शोभेची नव्हती.

(जाता जाता : 1961 मध्ये ही वेगळी जात म्हणून नोंदली गेली. त्याआधी ब्रिटनमधल्या बागांत ती ‘युरिऑप्स इव्हान्सी’ या भलत्याच नावानं नांदत होती.)

पिवळ्या फुलांचा सोस असेल तर ऑगस्टअखेर ते सप्टेंबर कास पठारावर जा. तिथली सोनकी युरिऑप्सची बऱ्यापैकी जवळची नातलग आहे, दोघी सूर्यफुलाच्या कुळातल्या एकाच शाखेतल्या. सोनकी मात्र झुडूप नव्हे. पावसात उगवून पावसानंतर वाळून जाणारं रोपटं. भिंग घेऊन जा. आपण जिला एक पाकळी म्हणतो ते अख्खं एक फूल असतं, आणि मधल्या पिवळ्या टिकलीत इवल्या नळ्यांसारखी आणखी कितीतरी फुलं दाटीनं बसलेली असतात. कडेची आधी उमलतात, मधली मागून. हे एकदा पाहिलं की झेंडूकडेही तुम्ही वेगळ्या नजरेनं बघाल. पण सोनकी उपटून आणू नका, कुंडीत ती चार दिवस टिकायची नाही.

गच्चीसाठी मी गलांडा सुचवेन. जानेवारी-फेब्रुवारीत बी पेरा, ऐन एप्रिल-मेच्या उन्हात फुलेल. एक भाग माती, एक भाग जाडी वाळू, थोडं कुजलेलं शेणखत; कुंडीच्या तळाशी खापऱ्या घालायला विसरू नका. सुकलेली फुलं खुडत राहिलात तर नवी येत राहतात. पिवळा कॉसमॉस नर्सरीवाला गळ्यात मारू पाहील, तो घेऊ नका. घाटरस्त्यांच्या कडेनं तो आधीच मोकाट सुटलाय.