मलावी पीकॉक सिक्लिड मासे दुकानात रंगीत होते, घरी आल्यावर फिके पडले. रंग कसे खुलतील?

आधी मासा नर आहे का ते बघा. पीकॉकच्या माद्या करड्याच असतात, आणि काही विक्रेते हार्मोन देऊन पिल्लांनाही रंग आणतात. तो रंग घरी आल्यावर उतरतो आणि तुमच्या काळजीने परत येत नाही.

नर असेल तर टाकीतली सत्ता तपासा, कारण खरी गोम बहुतेक वेळा तिथेच असते. दबलेला नर मुद्दाम मादीसारखा फिका राहतो, म्हणजे मार कमी बसतो. त्याच रंगाचा दुसरा नर किंवा दांडगट एम्बुना (मलावी तलावातलेच खडकांत राहणारे सिक्लिड) सोबत असतील तर ते वेगळे करा. दादा मासा काढल्यावर काही दिवसांतच दुसऱ्याच्या डोक्यावर निळी झाक चढायला लागते, ती बघण्यासारखी असते!

खाद्याचा उपयोग लाल, पिवळ्या, केशरी रंगांना होतो. क्रिल (कोळंबीसारखे छोटे जीव) आणि स्पिरुलिना (शेवाळाची पूड) असलेल्या गोळ्या थोड्या थोड्या द्या. निळा रंग मात्र त्वचेतल्या स्फटिकांवरून परतणाऱ्या प्रकाशाचा असतो, तो खाद्याने वाढत नाही. बीफ हार्ट (गुरांच्या हृदयाच्या मांसाचं खाद्य) अजिबात नको, पोट फुगून मासे जातात.

पाणी २४ ते २७ अंश, पीएच ८ च्या आसपास. मुंबई-पुण्याचं धरणाचं पाणी मऊ, म्हणजे कमी क्षारांचं असतं, म्हणून फिल्टरमध्ये कोरलचा चुरा घाला. दर आठवड्याला पाव ते एक तृतीयांश पाणी बदला, क्लोरीन काढूनच. तळाला पांढरीशुभ्र वाळू असेल तर बदला, उजळ तळावर मासे स्वतःला फिकं करून घेतात.