वाचक विचारतात: साईज सरकते, टॉवेल हलका भरतो, सोमवारी कुलंटचा वास येतो

प्रश्न: सीएनसी लेथवर ५० मि.मी. व्यासाचा स्टीलचा शाफ्ट काढतो. टॉलरन्स (चालणारा फरक) ±०.०१५ मि.मी. सकाळचे पहिले जॉब बरोबर येतात, तासाभरात साईज २० मायक्रॉनने (०.०२० मि.मी.) सरकते. ऑफसेट (टूलच्या जागेची आकड्याने दुरुस्ती) मारला की जमतं, पण जेवणाच्या सुट्टीनंतर उलट्या दिशेला जाते. सेटर (मशीन लावून देणारा) म्हणतो इन्सर्ट (टूलचं कापणारं टोक) बदल. बदलला, तरी तेच.
– सीएनसी ऑपरेटर, चिंचोळी एमआयडीसी

उत्तर: इन्सर्टवर खापर फोडण्याआधी साईज कुठल्या दिशेला जाते ते बघा. इन्सर्ट झिजला की बाहेरचा व्यास वाढत जातो आणि बोअर लहान होत जातं. झीज कधी मागे फिरत नाही. तुमची साईज सुट्टीनंतर मागे येते, म्हणजे दुखणं उष्णतेचं आहे. स्पिंडलची (जॉब फिरवणाऱ्या दांड्याची) बेअरिंगं आणि टूल सरकवणारे बॉलस्क्रू चालून तापतात, थोडे लांबतात. मशीन अर्धा तास थांबलं की निवतात आणि साईज परत हलते.

सकाळी जॉब लावण्याआधी मशीन १५ ते २० मिनिटं मोकळं चालवा. स्पिंडल आधी निम्म्या आरपीएमवर, मग रोजच्या आरपीएमवर, आणि दोन्ही अक्ष पूर्ण लांबीभर मागेपुढे. यासाठी छोटा वॉर्म-अप प्रोग्रॅम सेटरकडून एकदा करून घ्या. जेवणानंतरही पाच-सात मिनिटं तोच चालवा. उत्पादनाचा वेळ जातो म्हणून सुपरवायझर कुरकुर करतील. त्यांना दुपारचं रिजेक्शन मोजून दाखवा.

अर्धा घोटाळा मात्र मोजण्यात असतो, आणि तो मशीनच्या नावावर खपतो. स्टीलचा एक मीटर तुकडा एका अंशाला सुमारे ११.५ मायक्रॉन वाढतो. म्हणजे ५० मि.मी. व्यास एका अंशाला जेमतेम अर्धा-पाऊण मायक्रॉन. किरकोळ वाटतं. पण चकातून (जॉब धरणाऱ्या पकडीतून) काढलेला जॉब ६० अंशांवर आणि मायक्रोमीटर ३५ अंशांवर असेल तर २५ अंशांच्या फरकाने व्यास १४ मायक्रॉन मोठा दिसतो. तुमची वरची अख्खी मर्यादा १५ मायक्रॉनची आहे! तुम्ही तो आकडा खरा धरून ऑफसेट मारता, जॉब थंड झाला की अंडरसाईज निघतो. जॉब आणि मायक्रोमीटर सरफेस प्लेटवर शेजारी ठेवा, दहा मिनिटं जाऊ द्या, मग मोजा. दोन्ही स्टीलचे असल्याने खोलीत ४० अंश असले तरी चालतं. दोघांत फरक नको. मायक्रोमीटर खिशात ठेवायची सवय सोडा, अंगाच्या उबेनेही तो बदलतो. शिफ्टच्या सुरुवातीला ५० च्या मास्टरवर शून्य तपासा आणि रॅचेट दरवेळी तितक्याच टिकटिकीपर्यंत फिरवा.

आता ऑफसेट. एका जॉबवरून कधीच हात लावू नका. लागोपाठ तीन जॉब एकाच बाजूला सरकले तरच. थंड जॉब ५०.०१२ भरला तर वेअर ऑफसेटच्या (झिजेसाठीच्या दुरुस्तीच्या) एक्समध्ये उणे ०.०१२ वाढवायचे, बहुतेक लेथवर हा आकडा व्यासाचा असतो, निम्मा करायचा नाही. फानुक कंपनीच्या कंट्रोलवर ‘इनपुट’ आणि ‘प्लस इनपुट’ या दोन वेगळ्या कळा आहेत. ‘प्लस इनपुट’ जुन्या आकड्यात भर घालते, नुसतं ‘इनपुट’ जुना आकडा पुसून नवा टाकतं. तिथे आधी उणे ०.०८० असेल आणि तुम्ही चुकून ‘इनपुट’ दाबलंत तर पुढचा जॉब ६८ मायक्रॉन मोठा येईल. हे तरी परवडलं. दशांशचिन्ह चुकलं तर टूल जॉबमध्ये घुसू शकतं. वेअर ऑफसेटला कमाल मर्यादा घालायची सोय कंट्रोलमध्ये असते, ती सेटरकडून लावून घ्या. कळ दाबल्यावर स्क्रीनवरचा आकडा वाचा, मगच सायकल स्टार्ट.

हे सगळं करूनही साईज कोणत्याही दिशेला उडत असेल, म्हणजे एक जॉब वर, एक खाली, तर चकच्या जॉच्या (जबड्याच्या) फटीत चिप अडकलीय का, चकचा दाब रोजच्याइतका आहे का आणि इन्सर्टचा स्क्रू ढिला आहे का, ते याच क्रमाने बघा.

प्रश्न: सोमवारी मशीनचं दार उघडलं की नासक्या अंड्यासारखा वास येतो. हातालाही खाज सुटते. वरून फिनेल टाकतो, दोन दिवस बरं वाटतं.
– ऑपरेटर, अक्कलकोट रोड एमआयडीसी

उत्तर: फिनेल आजच बंद करा. वास झाकला जातो, कातडीचा त्रास वाढतो आणि कुलंट (कापताना थंडावा देणारं तेल-पाण्याचं मिश्रण) फुटतं, म्हणजे तेल-पाणी वेगळं होतं. स्लाइडवेचं (मशीनच्या सरकत्या भागांचं) तेल कुलंटवर तरंगून साय धरतं. रविवारी पंप बंद, वरून हवा बंद. हवेशिवाय जगणारे जिवाणू अशा टाकीत माजतात आणि तो वास त्यांचाच. शनिवारी शिफ्ट संपताना वरचं तेल काढा आणि जमल्यास टाकीत माशांच्या पेटीचा छोटा हवेचा पंप सोडून ठेवा.

खाजेचं कारण बहुधा तीव्रता, म्हणजे कुलंटमधलं तेलाचं प्रमाण. साध्या टर्निंगला ५ ते ८ टक्के पुरतात. रिफ्रॅक्टोमीटरचा (तीव्रता मोजायच्या उपकरणाचा) आकडा तसाच धरायचा नसतो, ड्रमवर छापलेल्या फॅक्टरने गुणायचा. आपल्याकडे उन्हाळ्यात पाणी भराभर उडतं, तेल मागे राहतं आणि ७ टक्क्यांचं १२ कधी होतं ते कळत नाही. मग टॉप-अप १-२ टक्क्यांच्या पातळ मिश्रणाने करा. बोअरवेलचं जड पाणी टाळा. पाणी उडतं, क्षार टाकीतच साठतात. मिसळताना आधी पाणी, मग त्यात तेल. उलटं केलं तर गुठळ्या होतात. एकदा वास मुरला की टाकी रिकामी करून क्लीनर फिरवून तळाचा गाळ खरवडावाच लागतो, नाहीतर नवं कुलंटही लवकरच नासतं.

प्रश्न: टेरी टॉवेलच्या रेपियर लूमवर आहे. ७५ × १५० सें.मी., ५०० जीएसएम (चौरस मीटरला ग्रॅम). एप्रिल-मे आला की वजन कमी भरतं आणि ताण्याचे (उभे) धागेही जास्त तुटतात. मालक म्हणतात लूप (टॉवेलवरचे धाग्याचे फासे) वाढव.
– लूम ऑपरेटर, सोलापूर

उत्तर: लूप वाढवायची घाई नको. या मापाच्या टॉवेलचं वजन ५६२ ग्रॅमच्या आसपास यायला हवं. पण सूत हवेतला ओलावा धरतं. प्रमाणित हवेत कापसात कोरड्या वजनाच्या ८.५ टक्के पाणी धरतात. सोलापूरच्या कोरड्या उन्हाळ्यात ते ५ टक्क्यांवर आलं तर तोच टॉवेल ५४४ ग्रॅम भरतो. सूत तेवढंच, गेलेले १८ ग्रॅम पाण्याचे. तुम्ही लूप वाढवलात तर पावसाळ्यात तोच टॉवेल जड भरेल आणि फुकटचं सूत जाईल.

वजनाऐवजी लूपची लांबी मोजा. ताण्याच्या दिशेने बरोबर १० सें.मी.ची पट्टी कापा, तिच्यातून लूपचा एक धागा ओढून काढा, ताण न देता सरळ करा आणि पट्टीवर ठेवा. ५० सें.मी. भरला तर प्रमाण पाचास एक. डाव्या काठाजवळ, मधे आणि उजव्या काठाजवळ असे तीन धागे काढा. तिन्ही नमुन्याप्रमाणे असतील तर लूमला हात लावू नका. तिन्ही सारखेच कमी असतील तर लूपच्या बीमची (ताणा गुंडाळलेल्या रुळाची) सोड आणि टेरीचं अंतर बघा. तीन पिकांच्या (पिक म्हणजे बाण्याचा एक आडवा धागा) टेरीत पहिली दोन पिकं कापडाच्या कडेपासून थोडी मागे राहतात आणि तिसऱ्या पिकाला फणी तिघांना एकदम पुढे रेटते. तेव्हा खालचा (पायाच्या कापडाचा) ताणा घट्ट, लूपचा सैल, म्हणून लूप उभं राहतं. मागे राहिलेलं ते अंतर जितकं, तितकं लूप उंच. एकाच काठाला कमी असेल तर बीम वाकडा बसलाय किंवा त्या बाजूने धागे घट्ट गुंडाळले गेलेत.

धागे तुटण्याचं मूळही हवेतच आहे. शेडमध्ये ७५ ते ८० टक्के आर्द्रता हवी. भिंतीवरचा ओल्या-सुक्या फुग्यांचा थर्मामीटर बघा: सुका ३५ आणि ओला ३१ असेल तर आर्द्रता ७५ टक्के. ओला २५ दाखवत असेल तर ती ४४ वर आली आहे, आणि सायजिंग केलेला (खळ दिलेला) ताणा काडीसारखा मोडणारच. ओल्या फुग्याच्या वातीला पाणी आहे का तेही पाहा. वात सुकली की दोन्ही आकडे जवळ येतात आणि हवा दमट असल्याचा भास होतो. दुपारी पंखे जोरात लावून दारं उघडी टाकणं माणसाला बरं, ताण्याला वाईट.

आर्द्रता ठीक असूनही एकाच ड्रॉपरपाशी (धागा तुटला की पडून लूम थांबवणाऱ्या पत्रीपाशी) वारंवार थांबा येत असेल तर तिथल्या फणीच्या दातावर बोट फिरवा, खरखर लागेल. गाठ विणकरी मारा आणि शेपूट ३ मि.मी.च्या वर ठेवू नका, फणीत अडकतं.

प्रश्न: पॉवरलूमवर कानात कापसाचा बोळा घालतो. पुरतो का?
– वाचक, सोलापूर

उत्तर: नाही. आठ तासांसाठी आवाजाची मर्यादा ९० डेसिबल आहे आणि पुढे दर ५ डेसिबलला वेळ निम्मा होतो: ९५ ला चार तास, १०० ला दोन. हातभर अंतरावरच्या माणसाशी ओरडून बोलावं लागत असेल तर कान धोक्यात आहेत. फोमचा प्लग घ्या. तो स्वच्छ हातांनी बारीक वळा, दुसरा हात डोक्यावरून नेऊन कान वर-मागे ओढा, प्लग आत सरकवा आणि फुगेपर्यंत अर्धा मिनिट बोटाने धरून ठेवा. बाहेर अर्धा लोंबकळत असेल तर तो बसलेलाच नाही.

प्रश्न: मुलगा दहावी झाला. कारखान्यात थेट हेल्पर म्हणून लावू की आयटीआय करू दे? मी विड्या वळते, दोन वर्षं ओढणं जड आहे.
– एक आई, विडी घरकुल, सोलापूर

उत्तर: ताई, जमत असेल तर आयटीआयच. टर्नर किंवा मशिनिस्ट, दोन्ही ट्रेड दोन वर्षांचे आहेत. विजापूर रोडवर सरकारी आयटीआय आहे. प्रवेशाचा अर्ज ऑनलाइन भरायचा असतो. हेल्परला ड्रॉइंग वाचायला कुणी बसून शिकवत नाही आणि ड्रॉइंग न वाचणारा वर्षानुवर्षं बटणावरच राहतो. आयटीआयनंतर अप्रेंटिसशिप करता येते, त्यात विद्यावेतन मिळतं. दोन वर्षं अगदीच निघणार नसतील आणि त्याला कामाला लावावंच लागलं, तर नेमणूकपत्र आणि दरमहा पगाराची स्लिप मागा. स्लिपवर पीएफचे १२ टक्के आणि पगार २१ हजारांच्या आत असेल तर ईएसआयचे (कामगार विम्याचे) ०.७५ टक्के कापलेले दिसले पाहिजेत. ओव्हरटाइमचा दर नेहमीच्या दुप्पट असतो. त्याच्या तासांची नोंद मुलाने स्वतःच्या वहीतही ठेवावी, रोजच्या रोज.